बिनखिळ्याची

किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असते तेव्हा ती अवघडलेली दिसते. अंग अरुंद, तळ गोल. वाळूवर सरळ बसणं तिच्या बांध्यातच नाही. उलांडीच्या बाजूला कलून पडलेली असते. पोटात जाळ्याचा एखादा तुकडा, ओंजळभर वाळू, कुर्लीची वाळलेली नांगी. नवखा माणूस बघतो आणि म्हणतो, ही काय समुद्रात टिकणार! पण कोरड्यावर बघून तिच्याविषयी मत करू नये.

कोकणातली उलांडीची होडी ती हीच. रत्नागिरीपासून खाली देवगड, मालवण, वेंगुर्ला, पुढे गोवा, कारवार इथवर तिचा गोतावळा पसरलेला. तळ एका झाडाच्या बुंध्यातून कोरलेला. त्यावर काठाला उंची देणाऱ्या फळ्या, आणि त्या फळ्या तळाला काथ्याने शिवलेल्या. एका अंगाला पुरुषभर अंतरावर, दोन आडव्या काठ्यांच्या टोकांना बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका, ती उलांडी. तिची एक धाकटी बहीणही आहे. तिला फळ्या नाहीत, शिवण नाही, सगळी एकाच ओंडक्यातली. मालवणकडे तिला पगार म्हणतात. थोरली समुद्राची, धाकटी खाडीची. धाकटी तिवरांच्या फटींतून शिरते, तिसऱ्या आणि कुर्ल्या आणते. थोरली लाटा फोडून बाहेर जाते. धाकटीवर माझी माया आहेच, पण मन गुंतलंय थोरलीत.

तिचं मूळ आंब्यात, आणि तोही रायवळ. हापूसचं कलम फळासाठी वाढवलेलं असतं. ते कमरेच्या उंचीपासूनच फांद्या फोडतं आणि रुंदीला पसरतं. त्यातून होडी निघणार नाही, होडीचा पाटही कष्टाने निघेल. कोयीतून आपसूक उगवलेला, रानाच्या गर्दीत उजेडासाठी वर वर गेलेला रायवळच सरळ, जाडजूड बुंधा देतो. सुतारकामात आंब्याच्या लाकडाला फारसा मान नाही. घराच्या वाशाला, दाराच्या चौकटीला त्याला कोणी विचारत नाही, कारण ते मऊ असतं आणि किडीला लवकर बळी पडतं. होडीला मात्र नेमका हा मऊपणाच हवा असतो. ते लाकूड तासणाऱ्या वाकशीला विरोध करत नाही, आणि वजन आवाक्यात राहतं. साग आणि फणस त्याच्याहून कितीतरी टिकाऊ, पण दोघांच्या कवेत न मावणारा सागाचा बुंधा होडीसाठी कोणा कोळ्याला परवडणार? रायवळ परड्यातच असायचा. किडीचं काय करायचं याचीही विद्या होतीच. एक म्हणजे झाड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचं, असं जुनी माणसं सांगतात. दुसरं म्हणजे तेल. उंडीचं तेल, माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल. हे शेवटचं हाताला लागलं तर कातडी सोलून काढतं, आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनाही ते तितकंच झोंबतं.

बुंधा ओला असतानाच कोरायला घेतात. वाळू दिला तर तो आपल्या मर्जीने तडकतो आणि तडकलेल्या ओंडक्यात पाणी कायमची वाट करतं. आधी कुऱ्हाडीने वरचा भाग सपाट करायचा, मग बाहेरचा आकार काढायचा: दोन्ही टोकं निमुळती, तळ गोलसर. आतलं पोट त्यानंतर. इथून वाकस हातात येते. सुतार ओंडक्यात दोन्ही पाय फाकून उभा राहतो आणि आपल्याच पायांच्या मधे घाव घालतो. बघणाऱ्याचा श्वास अडकतो, त्याचा हात मात्र चुकत नाही. ढलप्या उडतात. आंब्याच्या ओल्या लाकडाचा आंबूस वास दुपारभर हवेत असतो. ऊन चढलं की काम थांबतं, ओंडक्यावर झावळ्या टाकून पाणी शिंपडतात. घाई केली तर एका दुपारी महिनाभराचं काम फुकट जाऊ शकतं.

सगळ्यात अवघड असतं ते थांबणं. तळ जाड ठेवायचा, कारण तो वाळूवर घासणार. बाजू वर येता येता पातळ करायच्या, कारण वजन वर नको. किती पातळ? त्याला माप नाही. सुतार बोटाच्या पेराने आतून ठोकतो आणि कान देतो. जाड लाकूड बद्द आवाज करतं. पातळ होत जाईल तसा आवाज उघडत जातो. एका ठिकाणी ठोकलं, चार बोटं सरकून पुन्हा ठोकलं, की कुठे अजून एक हात फिरवायचा आणि कुठे वाकस खाली ठेवायची हे त्याला कळतं. ज्या सुताराला मी हे करताना पाहिलं, तो ठोकताना आजूबाजूच्या पोरांना गप्प करायचा. एरवी दिवसभर त्यांच्याशी गप्पा मारत काम करणारा माणूस.

आणि मग शिवण. माझ्या मते तिचा खरा स्वभाव इथे ठरतो.

कोरलेल्या तळाच्या काठाला आणि वर बसणाऱ्या फळीच्या काठाला गिरमिटाने समोरासमोर भोकं पाडतात. दोन्ही काठ जिथे मिळतात तिथे आतून नारळाच्या सोडणाच्या तंतूंची वळकटी ठेवतात. मग सुंभ ओवायचा. एक माणूस आत, एक बाहेर. आतला सुंभ बाहेर सरकवतो, बाहेरचा ओढून घेतो, पुढच्या भोकातून परत देतो. सुंभ वळकटीवरून तिरपा जातो, परतीच्या फेरीत उलटा तिरपा येतो, आणि आतल्या बाजूला फुल्यांची लांबच लांब ओळ उमटते. प्रत्येक टाका नुसत्या हाताने ओढून भागत नाही. सुंभाला दांडा अडकवून, पाय रोवून तो ताणतात, आणि ताणलेला सुटू नये म्हणून भोकात लाकडी खुंटी ठोकतात. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही, मधे फळी असते. ओढ कळते ती सुंभातून. ओढ थांबली की आतल्याने खुंटी मारायची, ढिली पडली की पुन्हा द्यायची. तास तास हे चालतं आणि बोलणं जवळजवळ नसतंच. शेवटी भोकं तंतूंनी आणि राळेने बुजवतात. बाहेरच्या अंगाला टाक्यासाठी आधीच खाच काढलेली असते, सुंभ तिच्यात बुडून बसतो. का, तर होडी वाळूवर ओढताना आधी लाकूड घासलं जावं, सुंभ नव्हे. एवढ्या लहानशा खाचेत किती पिढ्यांच्या तुटलेल्या सुंभांचा अनुभव आहे!

हा सुंभही सहज मिळत नाही. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात काही महिने कुजत ठेवायची, काढून कुटायची, तंतू मोकळे करायचे, मग मांडीवर वळायचे. खाऱ्या पाण्यात कुजण्याला काथ्या दाद देत नाही. लोखंडी खिळ्याला तेच खारं पाणी गंजवतं, आणि गंजता गंजता खिळा आजूबाजूचं लाकूडही नासवतो. पण गंज न लागणारा खिळा दिला असता तरी जुन्या कोळ्याने तो घेतला नसता, असं मला वाटतं. खिळा दोन लाकडांना एकमेकांशी जखडतो. शिवण त्यांना जोडते आणि थोडी मोकळीकही ठेवते. आपल्या किनाऱ्यावर होडीला धक्का नसतो, बंदर नसतं. फुटणाऱ्या लाटेवर बसून ती थेट वाळूवर येऊन आपटते. जखडलेली फळी अशा दणक्यात फुटते. शिवलेली कुरकुरते, जराशी सरकते, दणका सगळ्या अंगात वाटून घेते आणि पुन्हा जागेवर येते.

तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझच्या बंदरात नारळाच्या काथ्याने शिवलेली जहाजं पाहिली आणि ती अगदी टाकाऊ आहेत, त्यांत बसणं जिवावरचं आहे, असं लिहून ठेवलं. लोखंड नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. त्याचं मत युरोपात शतकानुशतकं वाचलं गेलं. मला तो अन्याय वाटतो, कारण याच शिवलेल्या जहाजांनी अरबस्तान, मलबार, कोकण आणि पूर्व आफ्रिका एकमेकांना जोडून ठेवले होते. पश्चिम हिंदी महासागरातला व्यापार त्यांच्या टाक्यांवर चालला. अजिंठ्याच्या भिंतीवर रंगवलेलं जहाज आपण सगळ्यांनी चित्रात पाहिलेलं असतं. पाचव्या शतकातल्या त्या चित्राच्या आधारे गोव्यात केरळच्या कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवून एक मोठं शिडाचं जहाज बांधलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते भारतीय नौदलात दाखल झालं. नाव कौंडिण्य. बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला तो मालवणच्या होडीसाठी. तिच्याच कुळातलं कोणीतरी मानाच्या जागी बसलं होतं.

उलांडीबद्दल अजून काही सांगितलंच नाही. तिच्याशिवाय ही होडी अर्धी आहे. नुसता गोल तळ पाण्यावर क्षणभरही स्वस्थ राहत नाही. उलांडी पांगाऱ्यासारख्या अगदी हलक्या लाकडाची असते, आणि ती एकाच बाजूला असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हेच कोड्यात टाकतं: दुसऱ्या बाजूला कलंडली तर? दोन्ही बाजूंची उत्तरं वेगवेगळी आहेत. होडी उलांडीकडे कलली की उलांडी पाण्यात दबते आणि पाणी तिला वर ढकलतं. म्हणजे तिचा हलकेपणा कामाला येतो. होडी विरुद्ध अंगाला कलली की उलांडी पाण्याबाहेर उचलली जाऊ लागते, आणि मग लांब काठीच्या टोकाला लटकलेलं तिचं वजन होडीला परत खाली ओढतं. तिथे तिचा जडपणा लागतो. म्हणून उलांडी फार हलकी चालत नाही आणि जडही चालत नाही. कडेवरच्या मुलाने आईचा तोल सावरावा तसं हे नातं आहे. लाकडाने फार पाणी प्यायलं की उलांडी सोडवून उन्हात वाळवतात. तिलाही खिळा नाहीच, काठ्यांना ती दोरीने बांधलेली असते आणि लाटेवर तिला स्वतःपुरतं वरखाली होऊ दिलेलं असतं.

ही उलांडी कुठून आली, हा प्रश्न अभ्यासकांना शंभराहून जास्त वर्षं खुणावतो आहे. जेम्स हॉर्नेल या इंग्रज मत्स्यतज्ज्ञाने १९२० मध्ये भारतीय नावांवर लिहिताना तिचा संबंध आग्नेय आशियातल्या, पॅसिफिकच्या बेटांवरच्या दर्यावर्दींशी लावला. ती माणसं उलांडीच्या नावांमधून समुद्र ओलांडत मादागास्करपर्यंत गेली. तिथली भाषा आजही बोर्निओतल्या एका भाषेची सख्खी नातलग आहे. त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर श्रीलंका आणि आपला किनारा होता. कोणत्या काळी, कोणत्या गावात ही जोड पहिल्यांदा कोकणी होडीला मिळाली, ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. देवबागच्या किनाऱ्यावर एखाद्या होडीची उलांडी हाताने चाचपताना मला मादागास्कर आठवतं, आणि आपला हा किनारा जगाच्या एका कोपऱ्यात आहे असं मग वाटत नाही.

देवबाग म्हणजे वाळूची चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी. तिथल्या एका आबांनी मला त्यांच्या होडीत घेतलं, नदीच्या अंगाने. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने अख्खं आयुष्य शेकलेला माणूस. मी बसल्या बसल्या दोन्ही काठ घट्ट धरले.

‘‘मधी बस,’’ आबा म्हणाले, ‘‘काठ धरू नको. ती हलतली, तिका हलांदे. तू हलू नको.’’

तिच्यात बसण्याचं सगळं शास्त्र तेवढ्यात आलं. माणूस घाबरला की अंग ताठ करतो, होडी डावीकडे गेली की स्वतःला उजवीकडे झोकतो, आणि तिचं काम बिघडवतो. कंबर सैल सोडून बसलं की ती आणि तिची उलांडी आपसांत बघून घेतात.

वल्ह्याचंही तसंच. नवा माणूस खांद्याच्या जोराने पाणी मागे फेकतो. आबांचं वल्हं पाण्यात शिरताना आवाज करत नव्हतं. पातं उभं आत जायचं, ओढ पाठीतून यायची, आणि बाहेर निघायच्या आधी मनगट किंचित वळायचं. त्या वळणात तिची दिशा असते. एकाच बाजूने वल्हवलं तर कोणतीही होडी दुसऱ्या बाजूला वळू लागते. तो शेवटचा मनगटाचा झटका तिला परत रेषेवर आणतो. या होडीत आणखी एक गंमत आहे. उलांडी पाण्यात ओढली जात असते, त्यामुळे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, सतत तिच्याकडे वळू पाहते. वल्हं उलांडीच्याच बाजूला मारलं की ते नाळेला बाहेर ढकलतं, आणि दोन ओढी एकमेकींना कापतात. मग ती सरळ, निर्वेध जाते. मला वल्हं दिलं तेव्हा ती थोडा वेळ माझ्या हातात डोलली, नंतर एका लयीत आली. पाणी तळाखालून सरकताना पातळ लाकडातून पायाला जाणवत होतं: कुठे उथळ, कुठे खोल, कुठे भरतीचा ओघ येऊन भिडतो. आबा तळव्यांनी नदी वाचत होते. तिवरांच्या मुळांशी शेवटे मासे उडत होते, त्यांनी तिकडे मानही वळवली नाही. ‘‘हंय वाळू इली,’’ एवढंच एकदा म्हणाले, आणि नाळ फिरवली. वर पाण्यात काही दिसत नव्हतं.

बुंध्यातून कोरलेल्या होड्यांच्या या घराण्यात फार म्हातारी माणसं आहेत. नेदरलँड्समध्ये पेसे नावाच्या गावाजवळ १९५५ मध्ये रस्त्याचं काम चालू असताना पाइनच्या एका बुंध्यातून कोरलेली होडी सापडली. ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची निघाली. माहीत असलेली जगातली सर्वांत जुनी नाव तीच मानतात. एवढीशी ती होडी खरंच होडी आहे की गुरांची गव्हाण, अशी शंका काहींनी घेतली. तेव्हा २००१ मध्ये तिची हुबेहूब प्रत कोरून पाण्यात सोडली, आणि ती वल्हवून दाखवली. नायजेरियातल्या दुफुना गावी १९८७ मध्ये सापडलेली होडी आठ हजार वर्षांची आहे. चाक, नांगर यांच्याही आधी माणसाने झाड पोखरलं आणि त्यात बसून पाण्यावर गेला. देवबागच्या वाळूत कललेली होडी त्याच कामाला अजून जाते.

पण तिची एक मागणी आहे, आणि तिथेच सगळं अडतं. तिला दरवर्षी माणसांचे हात लागतात. मृग लागायच्या आधी उलांडी सोडवायची, होडी वर ओढून झावळ्यांच्या खोपीत घालायची. सुंभ सैलावला असेल, झिजला असेल तिथे शिवण उसवायची, वळकटी बदलायची, पुन्हा ओवायची. तेल पाजायचं. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा झाली की उलांडी परत बांधायची. खिळ्यांची होडी बांधली की बांधली. ही मात्र सारखी उलगडून पुन्हा जुळवावी लागते, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात, एक आत आणि एक बाहेर. पूर्वी पावसाळाभर कोळीवाड्यात ती असत. आता मुलगा मुंबईला, पुतण्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीवर. फायबरची होडी आली, तिला ना सुतार लागतो ना सुंभ. वजनाला ती हलकी, इंजिन बसवायला सोपी. कोळ्याने तिला पसंत केलं यात काहीच चूक नाही. भल्या पहाटे वल्हं मारून ज्याचे खांदे गेले, त्याला मी लाकडाचं कौतुक ऐकवणार नाही. रायवळ आंबेही वीटभट्ट्यांना आणि जळणाला गेले, त्यांच्या जागी कलमं आली.

तरी दोन गोष्टी मला सांगायच्या आहेत. जून-जुलैची मासेमारीबंदी यांत्रिक नौकांना असते. बिनइंजिनाच्या, वल्ह्याच्या होडीला ती लागू नाही. त्या दोन महिन्यांत खाडीतला पगार अजून घरात कालवण पुरवतो. आणि दुसरी, शिवणीची विद्या पुस्तकात राहत नाही. सुंभाची ओढ फळीच्या पलीकडच्या माणसाला हातात कळावी लागते. ती शिकायची तर आज ज्यांच्या हातात आहे त्यांच्या समोर, फळीच्या दुसऱ्या बाजूला, कोणीतरी बसायला हवं. सरकारने, शाळांनी, आपल्यासारख्यांनी यासाठी पैसे आणि वेळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. एखाद्या होडीचं संग्रहालयातलं जतन चांगलंच, पण तिथे तिचा सुंभ कोणी ओढून बघत नाही.

आबांच्या परड्यात एक रायवळ उभा आहे. लाकूडवाला दरवर्षी येतो, भाव वाढवून सांगतो. आबा त्याला चहा देतात आणि झाड देत नाहीत. या वर्षी पुतण्याने बुंध्याला दोरी गुंडाळून घेर मोजला, दोरीला गाठ मारली आणि ती घरात आणून खुंटीला लावली.